आईची काळी पाच

फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही माणसं तीन, पण कोणी विचारलं की आई चार सांगायची. चौथा तानपुरा. त्याला खिडकीपासून लांब, पाण्याच्या पिंपापासून लांब आणि माझ्या कोपरापासून तर फारच लांब असा एक कोपरा राखून ठेवलेला होता, आणि त्या कोपऱ्यापायी माझं कपाट शेवटपर्यंत दारामागे राहिलं. दार पूर्ण उघडलं की कपाट उघडायचं नाही, कपाट उघडलं की दूधवाला बाहेर ताटकळायचा. तानपुऱ्याची गवसणी आईच्या जुन्या हिरव्या इरकलीची होती. लहानपणी मला वाटायचं की एक लांबची आत्या येऊन राहिली आहे, तिला बोलायला आवडत नाही आणि तिचे लाड जरा जास्तच होतात.

सकाळी पहिले उठायचे ते बाबा. नळाचं पाणी भरून झालं की ते चहा टाकत. आईच्या कपात ज्येष्ठमधाची कांडी, त्यांच्या स्वतःच्या कपात आलं. मग आत्याची गवसणी निघे आणि खुंटीची कुरकूर सुरू होई. खुंटी पिळणं हे काम सगळ्यांना दिसतं, पण खरा वेळ जाई तो दोऱ्यात. तानपुऱ्याची तार जिथे घोडीवर टेकते, तिथे तिच्याखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजायची थांबते आणि बोलायला लागते, तिच्या पोटातले दुसरे सूर बाहेर पडतात. यालाच जवारी म्हणतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की तार मुकी होते. बाबा लालबागच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. तिथून ते निरनिराळ्या जाडीचे धागे खिशातून आणत, बोटांत चोळून बघत, नाकारत, पुन्हा आणत. त्यामुळे आमच्या घरी जे काही दैवी वगैरे वाजायचं ते लालबागच्या यंत्रातून निघालेल्या धाग्यावर वाजायचं. हे मला फार पुढे लक्षात आलं. यंत्र आणि कला यांची भांडणं हल्ली जोरात चालतात, तेव्हा मी गप्प बसून त्या धाग्याची आठवण काढते.

बाबांना गाता येत नव्हतं. अजिबात नाही. गणपतीच्या आरतीला शेजारी त्यांच्या हातात मुद्दाम झांजा द्यायचे, म्हणजे निदान तोंड तरी बंद राहील. मालवणकडचा हा माणूस मासळी आणि गिरणी एवढं जग घेऊन गिरगावात आला आणि गाण्याची तालीम घेतलेल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. तिच्या मागे तानपुरा धरायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने धरला. आई सांगायची की पहिल्या दिवशी बाबांनी तानपुरा असा धरला होता, जणू कुणाचं तरी झोपलेलं मूल आहे आणि त्याचे आईबाप अजून बाजारातून आलेले नाहीत. पुढे ते त्यांचंच झालं. आई रियाजाला बसली की बाबा तिच्या मागे, थोडे डावीकडे, मांडी घालून बसत आणि तिच्या मानेकडे बघत राहत. ती दम घेणार हे त्यांना मानेवरून आधी कळे. मी स्वयंपाकघरात घावनं उलथत असे, आणि आतून आईचा खर्ज येत असे, आणि त्याच्या मागे बाबांचं ते न थांबणारं चार तारांचं बोलणं. माझ्या लहानपणीच्या सुखाचा आवाज कोणता असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. त्यात घावनाचं चुरचुरणं धरायचं.

आईचे गुरुजी कडक होते. त्यांचे दोन नियम आमच्या घरात व्रतासारखे पाळले जात. एक, रियाज फक्त तानपुऱ्यावर करायचा, पेटी घरात आणायची नाही. आणि दुसरा, आपली पट्टी सोडायची नाही. गाणारा ज्या सुराला आपला सा मानतो ती त्याची पट्टी, आणि ती पेटीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात. आईची पट्टी काळी पाच. बायकांमध्येसुद्धा ही उंचच. कुणी गाव विचारावं आणि आपण ताठ मानेने सांगावं, तशी ती सांगायची, "माझी काळी पाच." गुरुजी गेल्यावरही तिने ती जपली. गुरुजींनी शिष्यांना सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी पट्टी उतरवाल त्या दिवशी तानपुरा दुसऱ्याला देऊन टाका. असली माणसं मोठी असतात, पण त्यांच्या मागे राहणाऱ्यांना फार जड जातात.

मी तेव्हा कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं होतं. का घेतलं हे विचारायला आमच्या जिन्यावरचा एकही माणूस चुकला नव्हता. वर्गात कलेच्या तत्त्वज्ञानाचा भाग सुरू झाला आणि मी रोज नवीन काहीतरी शिकून घरच्यांना छळायला लागले. एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. कुळथाची पिठी, भात, तळलेले बोंबील. आई बोंबलाला हात लावत नव्हती, कारण तळलेलं गळ्याला वाईट. सोबत डॉमनिक अंकल होते. ते शेजारच्या वाडीत राहायचे आणि पियानो लावायचे, म्हणजे ट्यून करायचे. शाळांचे, चर्चचे, मलबार हिलच्या बंगल्यांतले. बाबांची आणि त्यांची दोस्ती एकाच गोष्टीवर होती. दोघांनाही वाजवता काही येत नव्हतं आणि कान मात्र तिखट होते.

मी ऐटीत सांगितलं, "कारागिराला आधीच माहीत असतं की आपण काय करणार आहोत. सुताराला टेबल करायचं असतं, तो टेबल करतो. कलावंताला ते करता करता कळतं. हा फरक."

बाबांनी बोंबलाचा काटा बाजूला ठेवला. "बाय, मग माका सांग. मी कोण?"

"तुम्ही कारागीर," मी म्हटलं. "सा ठरलेला, पंचम ठरलेला. लावायचं आणि छेडायचं."

"बरोबर," बाबा म्हणाले आणि दुसरा बोंबील घेतला. त्यांना काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. आई मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन वर्षांनी परत सांग हं हेच."

"आणि मी?" डॉमनिक अंकल हसत होते. "मी तर कारागीर पण नाय, मी खोटारडा. पियानोचं कसं आहे, वैनी, सगळे सूर एकदम खरे लावले तर एक गाणं सुंदर वाजतं आणि दुसरं बोंबलतं. म्हणून थोडं थोडं खोटं सगळ्या सुरांत वाटून टाकायचं. एकट्याच्या डोक्यावर सगळं टाकलं तर तो रडतो. सगळ्यांनी वाटून घेतलं तर कोनाला कळत नाय. हेच माझं काम."

आईला हे ऐकवलं नाही. "शी! रोज खोटं लावता आणि रविवारी चर्चला जाता?"

"म्हणून तर जातो ना," अंकल म्हणाले.

त्यानंतर गिरणी बंद पडली. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी आमच्या घरापुरतं सांगते. बाबा घरी बसायला लागले. सकाळी डबा भरायचा नाही याची आईच्या हाताला सवय होईना, ती एक पोळी जास्तच लाटायची. बाबांनी बाहेर काही कामं शोधली, काही केलीही, पण रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी मुली शिकायला येत तेव्हा, त्यांचं हक्काचं काम एकच उरलं होतं. ते तानपुऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त वेळ द्यायला लागले. आई बाजारात गेली की तारा बदलत, घोडी पुसत. आई परत येऊन रियाजाला बसली की म्हणायची, "अगंबाई, आज कसा भरदार बोलतोय!" बाबा पंचमाच्या तारेकडे बघत.

मेधा ही आईची सगळ्यात लाडकी शिष्या. बँकेत नोकरीला, लग्न झालेली, दर गुरुवारी दादरहून यायची. गुरुजींच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम त्या वर्षी दादरला एका सभागृहात होता आणि कितीतरी वर्षांनी आईला त्यात गायला बोलावलं होतं. घरात लगीनघाई होती. त्या आनंदात मेधाने बंगलोरहून एक भेट मागवली. राखाडी रंगाचा डबा, दोन गोल बटणं, एक लाल दिवा. विजेवर चालणारा तानपुरा. वायर लावली की आपला आपण वाजतो, दमत नाही, उतरत नाही.

"काका, आता तुम्ही मोकळे!" मेधा म्हणाली. पोर मनापासून बोलली होती. गिरणीच्या दारावरही बाबांना जवळजवळ हेच ऐकवलं गेलं होतं. बाबा हसले आणि म्हणाले, "दिसता तर बरो." ते मालवणीत शिरले की समजायचं, आत काहीतरी हललं आहे.

"ताई, तुमची पट्टी लावते. काळी पाच ना?"

"काळी पाच," आई म्हणाली.

बाबांनी तोंड उघडलं. "जरा..." एवढंच म्हणाले आणि मिटलं. मेधाने बटण फिरवलं. डबा वाजायला लागला. आवाज चांगला होता, मी खोटं नाही सांगणार. आईने डोळे मिटले, सा लावला, आणि तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. तरी ती गात राहिली. यमन होता. वर जाताना तिचा गळा ताणला गेला, आणि वरच्या सा वर तो फाटला. तिने पुन्हा घेतला. पुन्हा फाटला. खोलीत तो डबा शांतपणे वाजत होता. आईने तिसऱ्यांदा प्रयत्नच केला नाही. "घसा बसलाय गं आज," असं म्हणून तिने मेधाला चहा न देता घरी पाठवलं. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

पुढचे दोन दिवस ती एकटी डब्यासमोर बसून बघत होती. दोन्ही दिवस तेच. तिसऱ्या दिवशी तिने तांदूळ निवडता निवडता मला सांगितलं, "दादरला फोन करून ये. म्हणावं, जमणार नाही."

"डबाच बिघडलेला असेल," मी म्हटलं.

"यंत्राला माझ्याशी खोटं बोलून काय मिळायचंय?" आई म्हणाली. "गळा गेला माझा. मला कळलं कसं नाही एवढंच." तिचा आवाज इतका सरळ होता की मला रडू आलं. तिला नाही आलं.

फोन खाली वाण्याकडे होता. मी उतरायला लागले तर बाबा मागून आले आणि जिन्याच्या वळणावर त्यांनी माझा हात धरला. तिथे अंधार असायचा आणि केरोसिनचा वास. "फोन करू नको," ते म्हणाले. "तिचो गळो खय गेलो नाय. डबो पण खरो. मी खोटो." मग त्यांनी सांगितलं. कितीतरी वर्षांपूर्वी एका सकाळी आईचा सूर चढताना त्यांना तिच्या मानेची शीर दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तानपुरा जरासा उतरवून लावला. शीर दिसली नाही. मग वर्षा-दोन वर्षांनी आणखी जरासा. तारा सैल पडू लागल्या की जाड तारा घातल्या, दोरा बदलला, म्हणजे आवाज लोंबकळायला नको. घरात पेटी नव्हती, पडताळायला दुसरं काही नव्हतं. काळी पाच म्हणत म्हणत आई पांढरी पाचवर येऊन पोचली होती, पेटीवरच्या तीन पट्ट्या खाली, आणि तिथे ती पूर्वीइतकीच मोकळी गात होती.

"सांगितलं का नाही तिला?"

"सांगलं असतं तर तानपुरो देऊन टाकलो असतो तिना. गुरुजींचो शब्द." बाबा पायरीवर बसले. "आता सांगू तरी कसा? आणि नाय सांगलं तरी तानपुरो जातलो."

मी, तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी, त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

आईने मात्र आपल्या पद्धतीने प्रकरण हातात घेतलं होतं. आम्ही वर आलो तेव्हा डॉमनिक अंकल येऊन बसले होते. आईने शेजारच्या मुलीला पाठवून त्यांना बोलावून घेतलं होतं, आणि येताना तो काटा घेऊन या म्हणून सांगितलं होतं. दोन दातांचा पोलादी काटा, गुडघ्यावर आपटला की एकच सूर देणारा, कधीही न चुकणारा. "एकदा खात्री करा, डॉमनिक," ती म्हणाली. "डबा बरोबर आहे का बघा. म्हणजे माझ्या मनाला टोचणी नको."

अंकलांनी काटा गुडघ्यावर मारला, कानाला लावला, डब्याजवळ कान नेला. त्यांना एक क्षणही पुरला असता. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते बाबांना म्हणाले, "दत्ता, तुझा तानपुरा वाजव जरा." बाबांनी गवसणी काढली. तारा बोलल्या. अंकलांनी पुन्हा काटा मारला. ऐकलं. बाबांकडे बघितलं. बाबा खाली भोपळ्याकडे बघत होते.

"वैनी," अंकल म्हणाले, "हा डबा चढा आहे. पॅकिंगमध्ये हलला असेल. बरोबर दत्ताचा तानपुरा आहे."

हा माणूस सुराबाबत कधी कुणाच्या भिडेला पडला नव्हता. बिशपच्या पियानोला त्याने बिशपच्या तोंडावर भंगार म्हटलं होतं.

"असं का," आई म्हणाली. "बघू तो काटा." तिने काटा घेतला, आपल्या गुडघ्यावर मारला आणि कानाशी धरला. तो पूर्ण विझेपर्यंत धरून ठेवला. मग पदराने पुसून अंकलांच्या हातात दिला आणि विचारलं, "घावनं खाणार ना? रस काढलाय नारळाचा." त्या संध्याकाळी अंकलांनी इतकी घावनं खाल्ली की पीठ संपलं. फोन कुणी केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन झाल्यावर आई आपल्या जागेवर बसली आणि म्हणाली, "लावा तानपुरा." बाबांनी लावला, नेहमीच्या जागी. तिची शीर दिसली नाही.

मी आता आठवड्यातले दोन दिवस दादरला एका स्टुडिओत जाते. आयुष्यभर ध्वनिमुद्रणाचंच काम केलं. समोरच्या पडद्यावर गाणाऱ्याचा सूर रेघ होऊन दिसतो. जिथे तो घसरला असेल तिथे धरून मी त्याला जागेवर बसवते. पोट त्यावर चाललं आणि मला त्याची लाज नाही. नवीन मुलं वाद घालतात की असं दुरुस्त केलेलं गाणं हे गाणं म्हणायचं का. मी त्यांना डॉमनिक अंकलांचं वाटून टाकलेलं खोटं सांगते, ते त्यांना आवडतं. बाबांची गोष्ट सांगत नाही. त्या पडद्याला आपण सांगू तो सूर तो आणून देतो, आणि गाणाऱ्याला आज कुठे झेपतंय हे त्याला कधी विचारता येत नाही. तो राखाडी डबाही वाईट नव्हता. आईने सांगितली तीच पट्टी त्याने इमानाने लावली. पुढे कितीतरी मुली त्याच्यावर शिकल्या आणि बाबांना सर्दीताप असला की आईनेही त्याला जवळ केलं. पण हे सगळं दादरच्या त्या दिवसानंतरचं.

कार्यक्रम दुपारचा होता. बाबांनी परीटघडीचा सदरा घातला होता आणि तानपुरा टॅक्सीत मांडीवर आडवा घेऊन बसले होते. ते सारखे खुंट्या चाचपत होते आणि मला कारण माहीत होतं. घरात पेटी नव्हती, पण मैफलीत असणार होती. पेटीच्या पट्ट्या काही दोरा सरकवून बदलत नाहीत. साथीला कोण तर गुरुजींचे जुने पेटीवाले सोमण, आईला तरुणपणापासून साथ केलेले. रंगमंचामागच्या खोलीत ते पेटी उघडून बसले होते. खोलीत गुरुजींचे आणखी शिष्य होते, हार होते, बटाटेवड्यांचा वास होता.

"या ताई!" सोमण म्हणाले. "काळी पाचच ना? विसरलो नाही मी."

बाबांचा हात खुंटीवर होता. तो तिथेच राहिला. खोलीतली दोन-तीन डोकी आईकडे वळली, कारण त्या सगळ्यांना गुरुजींचा नियम माहीत होता.

आईने खुर्चीवर बसून पायातल्या चपला काढल्या, जुळवून ठेवल्या. "पट्टी ह्यांना विचारा," ती बाबांकडे हात करून म्हणाली. "ती ह्यांच्याकडे असते. मी कित्येक वर्षांत बघितलेली नाही."

बाबांनी मान वर केली. आई त्यांच्याकडेच बघत होती आणि तिच्या तोंडावर, काय सांगू, नव्या नवरीसारखं हसू होतं. किती दिवसांपासून तिला ठाऊक होतं? त्या काट्यापासून की त्याच्याही आधीपासून? मी तिला पुढे कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

सोमण बाबांकडे वळले. "बोला, काय धरू?"

मला वाटलं, बाबा आता पांढरी पाच म्हणतील. घरी तीच तर लावलेली होती, टॅक्सीतून तीच सांभाळून आणली होती. पण बाबा आईला म्हणाले, "वाईच सा लाव बघू."

आईने त्या गोंगाटात हलकेच सा लावला. बाबा तिच्या मागे जाऊन उभे राहिले, आपल्या नेहमीच्या जागी, थोडे डावीकडे, आणि तिच्या मानेकडे बघत ऐकत राहिले. मग त्यांनी खुंटी हातात घेतली आणि उतरवायच्याऐवजी चढवली. तार अर्ध्या सुराने, म्हणजे पेटीवरची एक पट्टी, वर गेली.

"काळी चार," ते सोमणांना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिची पट्टी मोठ्याने सांगितली होती. "आज गळो मोकळो आसा."

आईने वळून हळूच विचारलं, "अहो, झेपेल मला?"

"जा गो," बाबा म्हणाले. "मी आसंय मागे."